केकॅट, डॉकरमधून चालवलेलं: काफ्काला हाताने मेसेज पाठवणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

काफ्का म्हणजे एका प्रोग्रॅमचे मेसेज साठवून दुसऱ्या प्रोग्रॅमपर्यंत पोचवणारी सिस्टिम. तिच्या टॉपिकवर (मेसेजच्या एखाद्या नावाच्या रांगेवर) हाताने मेसेज टाकून बघायचा असेल तर माझ्या मते केकॅटच्या तोडीचं दुसरं टूल नाही, आणि ते मशीनवर इन्स्टॉल न करता डॉकरमधून (प्रोग्रॅम लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसकट वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं टूल) चालवणं हा त्यातला सगळ्यात सोयीचा प्रकार. पाचपैकी साडेचार स्टार देतोय. अर्धा का कापला ते खाली येईलच, पण आधी आम्हाला हे लागतं कशाला ते सांगतो, कारण प्रत्येकाला लागेलच असं नाही.

आमची टीम पर्वरीला बसते, छोटीच आहे. मालीम आणि कुटबण जेटीवरून मासळी घेऊन जे ट्रक बाहेर पडतात त्यांच्या पेट्यांत तापमानाचे सेन्सर असतात, सेन्सरचं रीडिंग काफ्कात येतं आणि तिथून पुढे अलार्म, रिपोर्ट, गिऱ्हाइकाला जाणारा एसएमएस असं सगळं चालतं. आता गोव्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ट्रॉलर किनाऱ्याला लागलेले, ट्रक नाहीत, म्हणजे सेन्सरही गप्प. आणि सिस्टिममध्ये मोठे बदल करायला आम्हाला वेळ मिळतो तो नेमका ह्याच दोन महिन्यांत. म्हणजे टेस्टिंगच्या वेळी खरा डेटाच नाही, सगळे मेसेज आपणच बनवून पाठवायचे. त्यात पावसात लाईट जाणार, नेट मोबाईलवर येणार, त्यामुळे टूल हलकं हवं, पटकन उतरणारं हवं आणि कोणाच्याही लॅपटॉपवर सारखंच चालणारं हवं.

केकॅट मॅग्नस एडनहिल ह्यांनी लिहिलंय. काफ्काची सी भाषेतली लिबआरडीकाफ्का नावाची लायब्ररी आहे ना, ज्यावर पायथन, गो, डॉटनेटचे कितीतरी क्लायंट (काफ्काशी बोलणारे प्रोग्रॅम) उभे आहेत, ती पण त्यांचीच, आणि केकॅट त्याच लायब्ररीवर चालतं. म्हणजे आतलं इंजिन प्रॉडक्शनमध्ये लोक वर्षानुवर्षं वापरतायत तेच. २०२१ पर्यंत ह्याला काफ्काकॅट म्हणायचे, मग अपाचे फाउंडेशनच्या ट्रेडमार्कच्या नियमांमुळे नाव बदललं. हे माहीत असलेलं बरं, कारण जुन्या लेखांत आणि कोणाकोणाच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये अजून काफ्काकॅटच असतं, त्या नावाची जुनी इमेजही (कंटेनर ज्यावरून उठतो ते तयार पॅकेज) डॉकर हबवर, म्हणजे इमेज ठेवायच्या ऑनलाइन जागेवर, आहे, लोक तीच ओढतात आणि मग नवीन ऑप्शन का चालत नाहीत म्हणून विचारत बसतात. तुम्ही एडनहिल स्लॅश केकॅट घ्या आणि पुढे कोलन देऊन १.७.१ हा टॅग लिहा. टॅग लिहायचा कंटाळा करू नका, टीममध्ये सगळ्यांकडे एकच व्हर्जन राहतं.

इमेज लहान आहे, अल्पाइन लिनक्सवर बांधलेली, जावा वगैरे काही नाही. मोबाईलच्या हॉटस्पॉटवरसुद्धा चहा येईपर्यंत उतरते. काफ्काबरोबर जो कन्सोल प्रोड्युसर (टर्मिनलवरून मेसेज पाठवणारा प्रोग्रॅम) येतो तो जावाचा, दर वेळी जेव्हीएम (जावा चालवणारं इंजिन) उठणार मग कुठे प्रॉम्प्ट दिसणार, एखादवेळी ठीक आहे पण दिवसभर एकेक मेसेज टाकून बघायचा असेल तर ती वाट बघणं डोक्यात जातं. केकॅट एंटर दाबल्यावर लगेच.

आता प्रत्यक्ष कसं चालवायचं. कमांड तोंडी सांगतो तशीच लिहितो: डॉकर रन, डॅश डॅश आरएम, डॅश आय, मग नेटवर्क, मग इमेजचं नाव, आणि त्यापुढे केकॅटचे स्वतःचे ऑप्शन, म्हणजे डॅश बी ने ब्रोकरचा (काफ्काच्या सर्व्हरचा) पत्ता, डॅश टी ने टॉपिक आणि डॅश मोठा पी म्हणजे प्रोड्युसर मोड. इमेजचा एंट्रीपॉइंटच केकॅट आहे त्यामुळे केकॅट हा शब्द परत टाईप करायचा नाही. आरएम लावला नाही तर वापरून झालेले मेलेले कंटेनर साचत जातात, संध्याकाळी डॉकर पीएस डॅश ए करून बघा, भली मोठी यादी.

डॅश आय सगळ्यात महत्त्वाचा. त्याच्याशिवाय कंटेनरला तुमचा इनपुट पोचतच नाही, तुम्ही इको करून पाईपने (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देऊन) कितीही ढकला. उलट बऱ्याच ठिकाणी सवयीने डॅश आयटी असं जोडून लिहिलेलं असतं, हाताने टाईप करत असाल तर ते चालतं, पण पाईप लावलात की डॉकर सांगतं की इनपुट डिव्हाइस टीटीवाय (म्हणजे टर्मिनल) नाही, आणि थांबतं. म्हणून नुसता आय ठेवा, दोन्हीकडे चालतो. डॉकर कंपोजमधून (एका फाइलवरून अनेक कंटेनर एकत्र चालवायची सोय) रन करत असाल तर तिथे उलटं आहे, टीटीवाय तोच आपणहून देतो, तो बंद करायला डॅश मोठा टी लावायचा. आणि डॅश मोठा पी सुद्धा स्वतः लिहा, मोड दिला नाही तर केकॅट इनपुट आउटपुट टर्मिनलला जोडलंय का बघून आपणच अंदाज बांधतं, कंटेनरमध्ये तो अंदाज तुमच्या मनात होतं तसाच लागेल ह्याची खात्री नाही.

मेसेज कसा तुटतो हे नीट समजून घ्या, कारण नवीन माणूस हमखास इथेच अडकतो. प्रत्येक ओळ म्हणजे एक मेसेज. तुम्ही सुंदर इंडेंट केलेलं जेसन (डेटा मजकुरात लिहायचा फॉरमॅट) पाईपमधून दिलं, आठ ओळींचं, की टॉपिकवर आठ मेसेज जाऊन पडणार, पहिला नुसता महिरपी कंस आणि शेवटचाही नुसता कंस, आणि पलीकडचा कन्झ्युमर (मेसेज वाचणारा प्रोग्रॅम) पार्सिंगची बोंब मारत बसणार. उपाय सोपा, आधी जेक्यूला (जेसन हाताळायचं टूल) डॅश सी देऊन सगळं एका ओळीत आणा नाहीतर डॅश मोठा डी ने तोडायचं चिन्ह बदला. फाइलचं नाव थेट शेवटी दिलंत तर मात्र वेगळं होतं, अख्खी फाइल एक मेसेज म्हणून जाते, आणि ओळीओळीने पाठवायची असेल तर डॅश छोटा एल लावायचा. फक्त एक लक्षात ठेवा, केकॅट कंटेनरच्या आत आहे, तुमच्या लॅपटॉपवरची फाइल त्याला दिसत नाही. फोल्डर डॅश व्ही ने माउंट करा किंवा सरळ फाइल रिडायरेक्ट करून इनपुटमधून द्या. मी रिडायरेक्टच करतो, माउंटच्या पाथवरून विंडोजवाल्यांशी होणारी चर्चा वाचते.

की (मेसेज कोणाचा आहे ते सांगणारी खूण) द्यायची तर डॅश मोठा के आणि पुढे कोलन. मग ओळीत कोलनच्या आधीचं की, नंतरचं व्हॅल्यू. आमची की म्हणजे ट्रकचा नंबर, जीए-०३ ने सुरू होणारा कुठलातरी. जेसनमध्ये आत शंभर कोलन असले तरी हरकत नाही, तो पहिल्या कोलनलाच तोडतो. पण की च्या आतच कोलन असेल, सेन्सरचा मॅक ॲड्रेस वगैरे, तर दुसरं चिन्ह घ्या, पाईपचं चिन्ह कोटमध्ये घालून दिलं तर चांगलं चालतं. हेडर (मेसेजबरोबरची जादा माहिती) लावायचे तर डॅश मोठा एच. आणि कॉम्पॅक्टेड टॉपिकवरून (जिथे प्रत्येक की चा शेवटचाच मेसेज ठेवला जातो) एखादी की काढून टाकायची असेल, म्हणजे टोम्बस्टोन पाठवायचा असेल, तर डॅश मोठा झेड, तो रिकामी व्हॅल्यू खरी नल (म्हणजे व्हॅल्यूच नाही) म्हणून पाठवतो. हे मला फार आवडतं, कारण रिकामी स्ट्रिंग आणि नल ह्यात काफ्काच्या दृष्टीने जमीनअस्मानाचा फरक आहे आणि हे टूल तो फरक पाळतं.

मेसेज गेला की केकॅट काही बोलत नाही. आमच्या टीममध्ये नवीन आलेली मुलगी विचारायची, "दादा, एरर तर काही आला नाही, म्हणजे गेला ना?" बहुतेक गेलाच, पण वाचून बघायची सवय लावा. तीच कमांड, मोठ्या पी च्या जागी मोठा सी, डॅश ओ ला उणे पाच दिलं तर प्रत्येक पार्टिशनचे (टॉपिक ज्या भागांत वाटलेला असतो त्यातल्या प्रत्येकाचे) शेवटचे पाच, डॅश ई दिला की शेवटाला पोचल्यावर आपोआप थांबतं. डॅश एफ ने फॉरमॅट देता येतो, त्यात की, पार्टिशन, ऑफसेट (पार्टिशनमधला मेसेजचा क्रमांक) आणि मजकूर असं एका ओळीत छापून घेतो मी. टॉपिकच्या नावात एक अक्षर चुकलं तरी एरर येईलच असं नाही बरं का, ब्रोकरवर टॉपिक आपोआप बनवायची सेटिंग मुळातच चालू असते, मग चुकीच्या नावाचा नवा टॉपिक तयार होतो आणि मेसेज तिथे जाऊन आरामात पडतो. म्हणून वाचताना टॉपिकचं नाव ज्या ॲपने वाचायचंय त्याच्या कॉन्फिगमधून कॉपी करा, मगाशी टाईप केलेलं नको.

आता खरा विषय, नेटवर्क. केकॅट चालत नाही म्हणून जे जे सांगतात त्यातल्या बहुतेकांचं केकॅट चांगलं असतं, अडतं ते इथे. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

काफ्का लॅपटॉपवर डॉकरमध्ये चालू आहे, पोर्ट ९०९२ बाहेर काढलेला आहे, तुमचं ॲप लोकलहोस्ट ९०९२ ला छान जोडलं जातंय. आता तुम्ही केकॅटच्या कंटेनरला तोच पत्ता दिला, कनेक्शन रिफ्यूज्ड. साहजिक आहे, कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनरच, तिथे काफ्का कुठे आहे. मग कोणीतरी सांगतं की होस्ट डॉट डॉकर डॉट इंटर्नल (कंटेनरमधून लॅपटॉपपर्यंत पोचायचा पत्ता) दे. देतो आपण. डॅश मोठा एल लावून बघतो तर ब्रोकर दिसतो, टॉपिकची यादी पण येते, वाटतं झालं काम. मेसेज पाठवायला जातो आणि परत रिफ्यूज्ड. इथे माणसं चक्रावतात, यादी येते आणि मेसेज जात नाही हे कसं काय?

कारण काफ्काचा क्लायंट दोनदा जोडला जातो. पहिला पत्ता तुम्ही देता तो फक्त ओळख करून घ्यायला. त्यावर ब्रोकर मेटाडेटा देतो आणि त्यात सांगतो की ह्या पार्टिशनचा लीडर (ते सांभाळणारा ब्रोकर) अमुक पत्त्यावर आहे, पुढचं बोलणं तिथे कर. तो पत्ता ब्रोकरच्या ॲडव्हर्टाइज्ड लिसनर्स ह्या सेटिंगमधून येतो. तिथे लोकलहोस्ट लिहिलेलं असेल तर क्लायंट मुकाट्याने लोकलहोस्टला जातो, म्हणजे परत स्वतःच्याच कंटेनरमध्ये. कोणी फोनवर सांगितलं "घरी ये" आणि तुम्ही आपल्याच घरी जाऊन बसलात, तसं.

आणि इथेच केकॅटची किंमत कळते. डॅश मोठा एल च्या उत्तरात ब्रोकरची ओळ वाचा, ब्रोकर १, ॲट, आणि पुढे पत्ता. तो पत्ता तुम्ही डॅश बी ला दिलेला नसतो, ब्रोकरने स्वतः सांगितलेला असतो. तो लोकलहोस्ट दिसला की समजायचं दोष कुठे आहे. दुसऱ्या कुठल्या लॉगमध्ये ही गोष्ट इतकी उघडपणे एका ओळीत मिळत नाही. एखादी सर्व्हिस काफ्काला जोडत नाही म्हणून कोणी माझ्याकडे आलं की कोड उघडायच्या आधी मी त्या सर्व्हिसच्याच डॉकर नेटवर्कमधून ही कमांड मारायला लावतो, निम्म्या वेळा उत्तर तिथेच असतं.

उपाय दोन आहेत. लिनक्सवर असाल तर डॅश डॅश नेटवर्क होस्ट, कंटेनर मशीनचंच नेटवर्क वापरतो, लोकलहोस्ट म्हणजे खरंच लोकलहोस्ट, विषय संपला. मॅक आणि विंडोजवर डॉकर डेस्कटॉप एका व्हर्च्युअल मशीनच्या आत चालतं त्यामुळे होस्टचा अर्थ बरीच वर्षं वेगळाच होता, २०२४ पासून सेटिंगमध्ये जाऊन होस्ट नेटवर्किंग चालू करता येतं, पण ते आधी चालू केलेलं हवं. दुसरा उपाय सगळीकडे चालतो आणि मला तोच पटतो: ब्रोकरला दोन लिसनर (जोडणी घ्यायचे पत्ते) द्या. एक बाहेरच्यांसाठी, लोकलहोस्ट ९०९२, आणि एक आतल्यांसाठी, काफ्का नावाच्या सर्व्हिसवर २९०९२ किंवा कुठलाही मोकळा पोर्ट. मग केकॅटचा कंटेनर कंपोजच्याच नेटवर्कमध्ये टाकायचा आणि पत्ता काफ्का कोलन २९०९२. कंपोज नेटवर्कचं नाव प्रोजेक्टच्या फोल्डरवरून बनवतं, पुढे अंडरस्कोर डीफॉल्ट, सापडलं नाही तर डॉकर नेटवर्क एलएस करून बघा.

आम्ही आता केकॅटला कंपोजच्या फाइलमध्येच एक सर्व्हिस म्हणून टाकलंय, वेगळ्या प्रोफाइलखाली, म्हणजे कंपोज अप केल्यावर ते उगाच उठत नाही पण रन म्हटलं की नेटवर्कसकट तयार. नवीन माणूस पहिल्या दिवशी रेपो क्लोन करतो आणि दुपारच्या जेवणाआधी टॉपिकवर मेसेज टाकतो. मशीनवर काही इन्स्टॉल करायचं नाही, कोणाच्या उबुंटूत जुनं काफ्काकॅट आणि कोणाच्या मॅकवर होमब्रूचं नवीन असा घोळ नाही.

अर्धा स्टार कशासाठी कापला ते आता. पहिलं म्हणजे पार्टिशनर. जावाचा क्लायंट की वरून पार्टिशन ठरवताना मर्मर२ हॅश (की वरून आकडा काढायची एक रीत) वापरतो, लिबआरडीकाफ्का मुळात सीआरसी३२ वापरते. म्हणजे एकच ट्रक नंबर तुमच्या जावाच्या सर्व्हिसकडून गेला तर समजा पार्टिशन दोनवर आणि केकॅटमधून गेला तर पाचवर. एका पार्टिशनच्या टॉपिकवर लॅपटॉपमध्ये टेस्ट करताना हे कधीच दिसत नाही. आमच्याकडे नियम असा आहे की एका ट्रकचे सलग तीन मेसेज पाच अंशांच्या वर आले तर अलार्म वाजला पाहिजे, आता दोन मेसेज एका पार्टिशनवर आणि तिसरा भलतीकडे गेला, तिकडे दुसराच कन्झ्युमर बसलेला, तर अलार्म वाजणार नाही आणि तुम्ही कोडमध्ये बग शोधत बसाल. म्हणून जावाच्या सर्व्हिसबरोबर काम असेल तर डॅश मोठा एक्स ला पार्टिशनर इक्वल्स मर्मर२ अंडरस्कोर रँडम हे द्यायलाच हवं. ही ओळ मदतीच्या पहिल्या पानावर ठळक असायला हवी होती असं मला मनापासून वाटतं, कारण हा फरक आवाज न करता नुकसान करतो.

दुसरं, ॲव्हरो, म्हणजे मेसेजचा एक बायनरी फॉरमॅट. वाचताना केकॅट स्कीमा रजिस्ट्रीला (मेसेजची रचना जिथे नोंदलेली असते) विचारून ॲव्हरोचं जेसन करून दाखवतं, पण पाठवताना ॲव्हरो बनवत नाही. ज्यांचे सगळे टॉपिक ॲव्हरोवर आहेत त्यांना पाठवण्यासाठी हे पुरणार नाही, त्यांनी कॉन्फ्लुएंट कंपनीचा ॲव्हरोवाला कन्सोल प्रोड्युसर घ्यावा, हळू असला तरी. आमचं सगळं जेसन असल्यामुळे आम्हाला अडलं नाही.

बाकीचे पर्याय थोडक्यात. अपाचेची स्वतःची काफ्काची इमेज ३.७ पासून मिळते आणि त्यात ऑप्ट, काफ्का, बिन ह्या फोल्डरमध्ये कन्सोल प्रोड्युसर असतोच, डॉकर एक्झेक करून वापरता येतो, काही वेगळं ओढायला नको आणि पार्टिशनर पण जावाचाच. कधीतरीच लागणार असेल तर तेवढ्याने भागेल. मात्र नेटिव्ह नावाची जी दुसरी इमेज आहे तिच्यात ह्या स्क्रिप्ट नाहीत. रेडपांडाचं (काफ्कासारखीच दुसरी सिस्टिम) आरपीके हे टूल पण चांगलं आहे, नुसत्या काफ्कालाही जोडतं, ऑप्शनची नावं वाचून कळतात अशी आहेत, केकॅटची एकेक अक्षरं पाठ करावी लागतात हे मान्य करायला हवं. पण पाईपमध्ये बसवायला, शेलच्या लूपमध्ये फिरवायला, जेक्यूच्या पुढेमागे जोडायला माझा हात केकॅटकडेच जातो.

आणि प्रॉडक्शनच्या क्लस्टरला लावणार असाल तर युजरनेम पासवर्ड डॅश मोठा एक्स ने कमांडमध्ये लिहू नका, शेलच्या हिस्टरीत राहतो आणि पीएस मारणाऱ्या कोणालाही दिसतो. सिक्युरिटी प्रोटोकॉल, सॅसल मेकॅनिझम (लॉगिनची पद्धत), पासवर्ड हे सगळं एका कॉन्फिग फाइलमध्ये घाला, ती फाइल फक्त वाचण्यापुरती माउंट करा आणि डॅश मोठा एफ ने तिचा पाथ द्या. फाइल गिटइग्नोरमध्ये टाका, म्हणजे ती रेपोत जाणार नाही. आमच्याकडे डेव्हसाठी एक आणि प्रॉडक्शनसाठी एक अशा दोन फाइली आहेत, आणि प्रॉडक्शनवाल्या फाइलमधल्या युजरला मेसेज लिहायचा हक्कच दिलेला नाही, फक्त वाचायचा. ऑगस्ट उजाडला, ट्रॉलर बाहेर पडले की त्या टॉपिकवर खऱ्या ट्रकांचं तापमान असतं, तिथे कोणाचा हाताने बनवलेला मेसेज जाता कामा नये.